हायातेच्या पोटावरचा डाग

ताकुमाने कार्यशाळेचं दार सरकवलं. आत रॉकेलचा स्टोव्ह धगधगत होता आणि ओगुसु मास्तर खुर्चीसकट जमिनीवर आडवे पडले होते.

आधी त्याला वाटलं, म्हातारा पिऊन लवंडलाय. मग त्याला डोक्याची मागची बाजू दिसली. तिथे डोकं म्हणावं असं फारसं काही उरलंच नव्हतं. शेजारी लोखंडी वाईस पडला होता. बारीक भाग जबड्यात धरून ठेवायचं ते अवजार दिसायला मुठीएवढं, पण उचलताना मनगट लचकेल इतकं जड. त्याच्या जबड्यात पांढरे केस अडकले होते.

ताकुमा खाली बसला आणि मास्तरांचं डोकं त्याने मांडीवर घेतलं. का घेतलं, हे त्याला नंतर पोलिसांनाही सांगता आलं नाही. मग तो ओरडला.

स्वयंपाकघरातून मास्तरांची बायको फुमिए धावत आली. तिला दिसलं ते एवढंच, की नवऱ्याचं फुटलेलं डोकं मांडीवर घेऊन ताकुमा बसलाय आणि त्याचे दोन्ही हात लाल आहेत.

टेबलावर एक लढाऊ विमान चाकांवर उभं होतं, हुबेहूब, पण हातभरच लांबीचं, गडद हिरवं. त्याच्यावर धुळीचा कणही नव्हता.

*

“माझ्या भावाने माशीसुद्धा मारली नाही हो कधी,” तोमोए म्हणाली.

शिझुओका शहरात, चहाच्या एका जुन्या दुकानाच्या माडीवर कुवाबारा सेत्सु यांचं ऑफिस होतं. सेत्सुबाई साठीच्या होत्या. नवरा पोलिसात होता, तो गेल्यावर त्यांनी खासगी तपासाची कामं घ्यायला सुरुवात केली. नवऱ्याचा जुना हवालदार मोरिवाकी निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी येऊन बसायचा. पगार मागायचा नाही, फक्त चहा प्यायचा.

आज मोरिवाकीचं लक्ष तोमोएने आणलेल्या डब्याकडे होतं. तिचं ओदेनचं दुकान होतं. काळ्या रश्शात शिजलेल्या अंड्यांचा आणि मुळ्याचा वास खोलीभर पसरला होता.

“पोलीस काय म्हणतात?” सेत्सुबाईंनी विचारलं.

“म्हणतात, मास्तर संध्याकाळपर्यंत जिवंत होते. फवारणीचा कॉम्प्रेसर दुपारभर मधूनमधून चालू होता. फुमिएवहिनींनी स्वतः ऐकलाय. ताकुमा आत गेला त्याच्या जरा आधीसुद्धा तो घुरघुरला होता. म्हणजे आत शिरून यानेच मारलं.”

“आणि मारायला कारण?”

तोमोएने स्वतःचा उजवा अंगठा पुढे केला आणि दुसऱ्या हाताने तो दाबला. “नऊ वर्षांपूर्वी मास्तरांनी त्याचा अंगठा त्याच वाईसमध्ये घातला आणि दांडा फिरवला. एका पंखाचा सांधा वाकडा बसला म्हणून. टोक गेलं. तरी हा तिथेच शिकायला जातो. मी भांडले, रडले. म्हणतो, ताई, त्यांच्यासारखं विमान जपानात कुणाला करता येत नाही.”

“मग कारण तर आहे,” मोरिवाकी म्हणाला.

“तुम्ही अंडं खा,” सेत्सुबाई म्हणाल्या आणि उठून त्यांनी कोट घेतला.

*

ओगुसुंची कार्यशाळा घराच्या मागे, अंगणापलीकडे होती. फुमिए किल्ली घेऊन आली. साठीची, बारीक बाई. किल्ली फिरवताना तिची बाही वर सरकली आणि मनगटावरचे पिवळे पडलेले वळ दिसले. तिने बाही खाली ओढली.

“वहिनी, तुम्हालाही मारायचे?” मोरिवाकीने विचारलं.

“काम बिघडलं की मारायचे.”

“आणि काम जमलं की?”

“तेव्हा प्यायचे.”

भिंतीवर काचेच्या कपाटांत शंभरेक विमानं होती. सगळी युद्धातली, सगळी दमलेली. कुठे रंगाचे पोपडे निघून खालची चांदी दिसत होती, कुठे धुराड्यामागे काजळी. नवं कोरं विमान बनवणं कुणालाही जमतं. ते उन्हापावसात उभं राहिलेलं, माणसांच्या बुटांनी घासलेलं दिसायला हवं, यासाठी ओगुसुंचं नाव होतं.

“हे कुणासाठी?” टेबलावरच्या हिरव्या विमानाकडे पाहत सेत्सुबाईंनी विचारलं.

“शिओझावासाहेबांसाठी. त्यांचे वडील कॅप्टन होते, हे हायाते जातीचं विमान चालवायचे. शत्रूच्या बाँबफेकी विमानावर जाऊन आदळले आणि गेले. साहेब त्यांच्या गावात स्मृतिदालन बांधतायत, तिथे हे ठेवायचं होतं. तो फोटो त्यांनीच दिलाय.”

भिंतीवर टाचलेल्या फोटोत एक तरुण वैमानिक विमानासमोर पाय फाकवून उभा होता. विमानाचं नाक वर उचललेलं, त्याची खालची बाजू कॅमेऱ्याकडे, लख्ख पुसलेली. कोपऱ्यात छापलं होतं: अखेरच्या उड्डाणाची सकाळ.

“मास्तरांनी याआधी हायाते केलं होतं?”

“कधीच नाही. लोक फार मागे लागायचे, पण नाही म्हणायचे. महायुद्धाच्या शेवटी ते हायातेच्याच तळावर मदतनीस मेकॅनिक होते. सतरा-अठरा वर्षांचे असतील. शिओझावासाहेबांनी कॅप्टनचं नाव सांगितलं, तेव्हा मात्र लगेच हो म्हणाले. मला नवल वाटलं.”

“त्या दिवसांबद्दल काही बोलायचे?”

“प्यायल्यावर एकच वाक्य. ‘मीही एक विमान पाडलंय, जमिनीवर उभं राहून.’ मग हसायचे. आणि झोपेत मिनोरू, मिनोरू असं करायचे. मिनोरू कोण, हे एकदा विचारलं.” फुमिएने खांदे उडवले. “पुन्हा विचारलं नाही.”

“त्या दिवशी काय काय झालं, सांगा.”

“सकाळी शिओझावासाहेब विमान बघायला आले. जेवायच्या आधी गेले. फाटकापाशी मला म्हणाले, मास्तर रंगात आलेत, त्यांना त्रास देऊ नका, जेवणाचं ताट बाहेरच ठेवा. मी ठेवलं. ते तसंच राहिलं, पण ते नेहमीचंच. कॉम्प्रेसर चालू होताच मधूनमधून. मग साहेबांच्या दालनात दुपारभर समारंभाची तालीम होती, रेडिओवाले आले होते, असं मला शेजारणीने सांगितलं. इथे संध्याकाळी ताकुमा आला.”

“साहेब निघाले तेव्हा कसे होते?”

“कसे म्हणजे? नेहमीसारखे. ओव्हरकोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून. त्यांना थंडी फार बाधत असावी.”

“आणि कॉम्प्रेसर बंद कधी झाला?”

“तो होय?” फुमिए कोपऱ्यातल्या लाल टाकीकडे वळली. “अँब्युलन्स आली तरी मेला घुरघुरतच होता. शेवटी एका पोलिसाने चिडून प्लग काढला.”

टाकीच्या नळीला फवारणीचं पेन जोडलेलं होतं. सेत्सुबाईंनी रुमालात धरून ते उचललं. रंग ओतायची वाटी कोरडी, स्वच्छ. बोटाने दाबायच्या खटक्याभोवती एक रबर दोन वेढे देऊन गुंडाळलेलं होतं.

मग त्यांनी हातमोजे घातले आणि विमान दोन्ही हातांनी उचलून अलगद उलटं केलं.

मोरिवाकीने शीळ घातली. वरून निवांत दिसणारं विमान पोटाकडून भयंकर होतं. नाकाखालून, तेल थंड करायच्या खोक्यापासून, एक काळा ओघळ निघाला होता आणि डाव्या बाजूने शेपटीपर्यंत पसरत गेला होता. इतका जिवंत, की हाताला लागेल असं वाटावं. ओघळाच्या मधोमध अंगठ्याच्या रुंदीचा एक फराटा होता. सगळ्या पोटावर तांबूस-तपकिरी बारीक ठिपके होते, आणि फराट्यात तेही फासले गेले होते.

“जंगसुद्धा किती हुबेहूब दाखवलाय,” मोरिवाकी म्हणाला. “हात होता हं माणसाला.”

“वहिनी, पोलिसांनी हे उलटं करून पाहिलं?”

“खेळणं ते. त्याला कोण बघतंय? साहेब मात्र घाईत आहेत. अंत्यविधीच्या दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवला होता न्यायला. मी म्हटलं, पोलिसांना विचारून देते.”

“अजून देऊ नका. कुणालाच.”

*

कोठडीत ताकुमा गुडघे जवळ घेऊन बसला होता. इन्स्पेक्टर सुगानुमाने सेत्सुबाईंच्या नवऱ्याच्या हाताखाली काम केलं होतं, म्हणून भेट मिळाली. सुगानुमा दारातच उभा राहिला.

“डोकं उचललं तेव्हा रक्त कसं होतं?” सेत्सुबाईंनी विचारलं.

ताकुमाने डोळे मिटले. “वरचं वाळलं होतं. केसांची खपली झाली होती. मी उचलल्यावर ती उकलली आणि आतलं हाताला लागलं. मान वळत नव्हती. हे सगळं मी सांगितलं यांना.”

“स्टोव्ह तापलेला होता,” सुगानुमा म्हणाला. “रक्त लवकर वाळतं. डॉक्टरलाही नक्की वेळ सांगता येत नाही.”

“ताकुमा, त्या दिवशी मास्तरांचं काय काम चालू होतं?”

कामाचा विषय निघताच तो सरळ बसला. “तेलरंगाचं. शेवटचा टप्पा. बारीक ब्रश आणि थिनर, दुसरं काही नाही. पोटाचं काम राहिलं होतं. तेव्हा ते विमान फोमच्या पाळण्यात पोट वर करून ठेवायचे. तेलरंग सुकायला पुरता एक दिवस लागतो, तोवर श्वासही दूर सोडायचा.”

“आणि फवारणी?”

“ओल्या तेलरंगावर? सगळं वाहून जाईल. त्या दिवशी फवारणीचं कामच नव्हतं.”

“पंखांवर, पोटावर मास्तर जंग दाखवायचे?”

ताकुमा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. “मी दाखवला असता तर दुसरा अंगठाही गेला असता. विमानाचा पत्रा अॅल्युमिनियमचा. त्याला जंग चढतो का? रंग उडतो आणि खाली चांदी दिसते.”

“जे पाहिलं नाही ते मास्तर रंगवायचे?”

“कधीच नाही. फोटोत नसेल किंवा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसेल, तर एक ठिपका देत नसत. त्यावरूनच तर मारहाण.”

बाहेर आल्यावर मोरिवाकी म्हणाला, “बाई, पोरगं खरं बोलतंय असं वाटतं. पण मग ती फुमिए. मनगटं बघितलीत ना? मी असतो तर केव्हाच घातला असता वाईस.”

“तिने मारलं असतं तर दुपारभर कॉम्प्रेसर ऐकला हे कशाला सांगितलं असतं? सकाळचा पाहुणा गेल्यापासून तो गप्पच होता म्हणाली असती. सगळे शिओझावांकडे बोट दाखवत राहिले असते.”

मोरिवाकीने बराच वेळ विचार केला आणि मग शेंगदाणे विकत घेतले.

*

शिओझावांचं गॅरेज शहराच्या कडेला होतं. ठोकर लागलेल्या गाड्या सरळ करून रंगवायचं काम तिथे चाले. रंगाचा वास नाकात जाऊन मोरिवाकी शिंकत होता, एवढ्यात त्याच्या मागे मोठा कॉम्प्रेसर धाडकन सुरू झाला आणि तो उडालाच. आसपास कुणीही फवारणी करत नव्हतं.

“घाबरू नका काका,” गाडीखाली झोपलेला कामगार म्हणाला. “नळी कुठेतरी गळतेय. टाकीतला दाब उतरला की आपला आपण सुरू होतो, भरला की थांबतो. सुट्टीच्या दिवशी बंद करायचा राहिला तर रिकाम्या गॅरेजात दिवसभर घुरघुरत बसतो.”

शिओझावा त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेले. पन्नाशी ओलांडलेले, रुंद खांद्यांचे, आवाज मऊ. भिंतीवर कॅप्टनचा तोच फोटो, मोठा केलेला, फुलं वाहिलेला.

“भयंकर झालं,” ते म्हणाले. “मी सकाळीच भेटलो होतो हो त्यांना. चांगले हसतबोलत होते.”

“विमान कसं वाटलं तुम्हाला?”

“अप्रतिम. अर्थात मला त्या खेळण्यांतलं काही कळत नाही.”

“पोटाकडची बाजू दाखवली त्यांनी?”

“नाही. चाकांवर उभं होतं ते, वरच्या पंखांवर काहीतरी करत होते. मी हातही लावला नाही. ते लावू देत नसत.” ते पुढे झुकले. “विमान मला कधी मिळेल? समारंभ तोंडावर आलाय. बाबांचं विमान पोलिसांच्या धुळीत पडलेलं मला बघवत नाही.”

दार उघडून एक वृद्ध बाई चहा घेऊन आली. शिओझावांनी उठून तिच्या हातातला ट्रे घेतला, तिला धरून बसवलं, पायाखाली उशी दिली. “ही माझी आई. कियो.”

“कॅप्टन कसे होते हो?” सेत्सुबाईंनी तिला विचारलं.

“फार मायाळू,” शिओझावाच म्हणाले. “तळावरच्या पोरांना स्वतःच्या ताटातला भात द्यायचे. मी तीन महिन्यांचा होतो, तर मला शर्टात गुंडाळून समुद्रावर न्यायचे. हो ना, आई?”

म्हातारीने चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. “हिदेओलाच विचारा,” ती म्हणाली. “त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.”

निघताना सेत्सुबाई म्हणाल्या, “उद्या दुपारी कार्यशाळेत या, साहेब. विमान तिथेच दाखवते तुम्हाला.”

*

दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत फुमिए होती, तोमोए होती, इन्स्पेक्टर सुगानुमा घड्याळ बघत उभा होता. शिओझावा आले ते आईला घेऊन. बाबांचं विमान तिलाही पाहायचं होतं, असं ते म्हणाले. मोरिवाकीने तिला खुर्ची दिली आणि स्वतः दाराला पाठ लावून उभा राहिला.

विमान टेबलावर कापडाखाली होतं.

“सुगानुमा, तुमचा सगळा खटला एका आवाजावर उभा आहे,” सेत्सुबाईंनी सुरुवात केली. “कॉम्प्रेसर चालू होता, म्हणजे मास्तर जिवंत होते. बरोबर?”

“बरोबर.”

“मग मास्तर मेलेले, समोर अँब्युलन्स उभी, तरी तो घुरघुरत कसा होता? तुमच्याच माणसाने प्लग काढला ना?”

सुगानुमाने घड्याळ बघायचं सोडलं.

“त्या दिवशी मास्तरांना फवारणीची गरजच नव्हती. पेनाची वाटी कोरडी होती. आणि त्याच्या खटक्यावर हे रबर होतं, हवा सतत थोडी थोडी सुटावी म्हणून. टाकीतला दाब उतरला की कॉम्प्रेसर सुरू, भरला की बंद. घरात बसलेल्या बायकोला वाटावं, मालक काम करतोय. प्रत्यक्षात मालक सकाळीच संपला होता. रक्ताची खपली झाली होती आणि मान आखडली होती, ती स्टोव्हमुळे नाही.”

“ताकुमालाही हे करता आलं असतं,” सुगानुमा म्हणाला.

“आलं असतं. पण त्यातून त्याला काय मिळालं? फासाचा दोर. मास्तर संध्याकाळपर्यंत जिवंत होते असं ठरलं, म्हणूनच तो अडकला. वहिनींचंही तेच. त्या दिवसभर घरातच होत्या, मृत्यूची वेळ पुढे ढकलून त्यांची सुटका होत नाही. त्याचा फायदा एकालाच. जो सकाळी इथे होता आणि दुपारभर पन्नास माणसांत, रेडिओवाल्यांसमोर होता. ज्याने फाटकापाशी सांगितलं की मास्तरांना त्रास देऊ नका, ताट बाहेरच ठेवा. जो गळ्यापर्यंत बटणं लावून गेला, कारण आतला शर्ट दाखवण्यासारखा उरला नव्हता. आणि गळकी नळी लागली की कॉम्प्रेसर रिकाम्या गॅरेजातही चालतो, हे ज्याच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे.”

शिओझावा शांत होते. “मी ओगुसुंना कशाला मारू? बाबांचं विमान करत होते ते.”

“तुमच्या बाबांचं विमान बघूया.”

सेत्सुबाईंनी कापड काढलं आणि विमान उलटं केलं. काळा ओघळ उघडा पडला. शिओझावांनी नजर वळवली. पाहिल्यानंतर नाही, पाहायच्या आधीच.

“हे ठिपके बघा, सुगानुमा. मोरिवाकीला जंग वाटला. या पत्र्याला जंग चढत नाही. वरची बाजू मात्र स्वच्छ आहे. म्हणजे वार झाले तेव्हा विमान पोट वर करून ठेवलेलं होतं, आणि हे मास्तरांचं रक्त आहे. नंतर कुणीतरी ते सरळ करून चाकांवर उभं केलं. साहेब म्हणतात, सकाळी ते चाकांवरच होतं, आपण हात लावला नाही.”

“मग लावला नाही,” शिओझावा म्हणाले.

“या फराट्यात उजव्या अंगठ्याच्या रेषा उमटल्यात. तेलरंग तेव्हा ओला होता, आता दगडासारखा सुकलाय. रक्त आणि रंग एकाच बोटाने फासले गेलेत, म्हणजे हे बोट वारानंतरचं आहे. ताकुमाच्या उजव्या अंगठ्याला टोकच नाही. वहिनींचा अंगठा याच्या निम्मा आहे. तुमचा पुढे करा.”

शिओझावांनी हात खिशात घातले.

“डाग पुसायला गेलात तुम्ही,” सेत्सुबाईंचा आवाज उतरला. “पसार व्हायचं सोडून. पुसला जाईना, आणखीच पसरायला लागला, तेव्हा डाग लपावा म्हणून विमान चाकांवर उभं केलंत. मोडून टाकायला हात धजला नाही. त्या डागात काय होतं, सांगू? फोटोत अखेरच्या सकाळी विमानाचं नाक लख्ख आहे. तरी मास्तरांनी तेल रंगवलं, आणि न पाहिलेलं ते कधी रंगवत नसत. म्हणजे फोटो काढल्यानंतर, उड्डाण होताना, ते धावपट्टीच्या कडेला उभे होते आणि तेल गळताना त्यांनी पाहिलं. एवढं तेल गळणारं विमान शत्रूपर्यंत पोचत नाही. ‘मीही एक विमान पाडलंय, जमिनीवर उभं राहून.’ विमानाच्या तेलाच्या नळीचा जोड त्यांनीच सैल केला होता. मिनोरू नावाच्या कुणासाठी. मिनोरू कोण, ते मला ठाऊक नाही. तुम्हाला त्यांनी सांगितलं असेल.”



“तो हसत होता,” शिओझावा म्हणाले. आवाज अजूनही मऊच होता. “मी विचारलं, हे काळं काय, पुसून टाका. तर म्हणाला, हे पुसलं तर तुझ्या बापाचं विमान राहत नाही. म्हणाला, मिनोरू माझ्या शेजारी झोपायचा. एक पाना हरवला म्हणून तुझ्या बापाने त्याला पान्यानेच मारत नेलं, हँगरपासून विहिरीपर्यंत. विहिरीपाशी तो मेला. मग म्हणाला, तुझा बाप कुठल्या शत्रूवर आदळला नाही. झाडांच्या वरही गेला नाही. भाताच्या खाचरात पडला आणि जळाला. बराच वेळ ओरडत होता. आम्ही सगळे रांगेत उभे होतो, बादल्या भरलेल्या होत्या, एकानेही उचलली नाही.”

त्यांनी खिशातून हात काढले. उजव्या अंगठ्याच्या नखाखाली अजून काळी कड होती.

“मग तो माझ्याकडे पाठ करून पुन्हा रंगवायला बसला. आणखी काळं लावायला. मी पहिल्यांदा मारलं तेव्हा ब्रश त्याच्या हातातच होता. नंतरचे मी मोजले नाहीत. खोटारडा होता तो. माझ्या बापाने आयुष्यात कुणावर हात उगारला नाही.”

“हिदेओ,” म्हातारी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती विमानाकडे बघत नव्हती.

“ते मिनोरूचं मला त्याच रात्री कळलं होतं. तुझ्या वडिलांनी घरी येऊन सांगितलं, हात धुता धुता. मी पाणी घालत होते. मी विचारलं, कोणाचं पोर होतं ते? एवढंच विचारलं. त्यांनी माझं तोंड धरून त्या घंगाळात बुडवलं. तू पाठीला बांधलेला होतास. तुझ्यासकट.”

“आई.”

“ते गेल्याचं कळलं, तेव्हा शेजारच्या बायका मला धरून रडत होत्या. मी पण रडले, रडायचं असतं म्हणून. रात्री दार उघडं टाकून झोपले. लग्नानंतर पहिल्यांदा.”

“तू म्हणायचीस, ताटातला भात द्यायचे. समुद्रावर न्यायचे मला. शर्टात गुंडाळून.”

“मी न्यायचे तुला समुद्रावर,” कियो म्हणाली. “पोराला बाप लागतो. शाळेत विचारायचे तुला. म्हणून एक बनवला. थोडा माझ्या वडिलांसारखा, थोडा शेजारच्या शाळामास्तरांसारखा. तुला आवडायला लागला, मग मी आणखी आणखी चांगला करत गेले.”

शिओझावा टेबलाची कड धरून उभे होते. सुगानुमा पुढे झाला, तेव्हा त्यांनी स्वतःच दोन्ही मनगटं पुढे केली. जाताना त्यांनी आईकडे पाहिलं नाही. मोरिवाकी दारातून बाजूला झाला.

गाडी निघून गेली तरी म्हातारी खुर्चीतून उठली नाही. मग ती सावकाश खाली उतरली, गुडघ्यांवर बसली आणि फुमिएपुढे कपाळ जमिनीला टेकवलं, त्या डागाळलेल्या फळ्यांवर.

फुमिए तिच्याकडे बघत राहिली. उठा, असं ती म्हणाली नाही. थोड्या वेळाने ती खाली, तिच्या शेजारी बसली, आणि तिने बाही वर करून मनगट तिच्यासमोर धरलं.

म्हातारीने ते पाहिलं आणि स्वतःच्या हातात घेतलं.

सेत्सुबाईंनी तोमोएच्या खांद्यावर हात ठेवून तिला बाहेर आणलं. “चल, भावाला सोडवून आणू,” त्या म्हणाल्या, आणि मागे दार ओढून घेतलं.